नेट कुणाच्या नावावर?

 

आज एका प्रश्नाने सुरुवात करतो. तुमच्या घरातलं वायफाय कुणाच्या नावावर आहे? सिमकार्ड कुणाचं ते सांगाल, गॅसचं कनेक्शन कुणाचं ते सांगाल, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते तर झोपेतही सांगाल. पण नेट? बाबांच्या? दादाच्या? की घरमालकाच्या? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. मीही केला नव्हता. एका संध्याकाळी एक पत्र हातात पडलं आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी नसरापूरचा. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की कात्रज जातं, खेड शिवापूर जातं आणि मग येतो चेलाडी फाटा. तिथून आत वळलं की आमचं गाव. बनेश्वरला सहलीला आला असाल, किंवा राजगड-तोरण्याला जाताना आमच्याकडे वडापाव खाल्ला असेल. तालुका भोर, पण रस्ता पुढे वेल्ह्याला जातो. आता वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालंय, आमच्या तोंडात मात्र अजून वेल्हंच आहे. मी बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागल्यावर लॅपटॉप घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर पहिलं दुखणं म्हणजे नेट. आमच्या भागात नेट देणारे एक काका आहेत. आधी त्यांचा केबल टीव्हीचा धंदा होता. मग त्याच खांबांवरून फायबर ओढलं आणि इंटरनेट द्यायला लागले. त्यांचं नाव सांगत नाही, आणि कुणाची ओळख पटू नये म्हणून बाकीचे दोन-चार तपशीलही बदललेत. लायसन्स सी वर्गाचं. म्हणजे बघा, आपल्याकडे इंटरनेट देण्याच्या लायसन्सचे तीन वर्ग असतात. ए वर्ग देशभरासाठी, बी वर्ग साधारण एका राज्याएवढ्या भागासाठी आणि सी वर्ग त्याहून लहान भागासाठी. काकांची सहाशेच्या आसपास कनेक्शनं होती. लॉकडाउनमध्ये त्यांचा फोन दिवसभर वाजायचा. शाळा नेटवर, कॉलेज नेटवर, माझ्यासारख्यांची नोकरी नेटवर.

एक दिवस वैतागून मी त्यांच्या ऑफिसात गेलो. काका म्हणाले, "अरे तू कॉम्प्युटरवाला ना? मग बघ ना जरा, रोज काय होतंय ते." मी म्हटलं, "काका, बघतो." हा एक शब्द मला दोन वर्षं पुरला.

ऑफिस म्हणजे एका दुकानावरची खोली. टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप, धूळ बसू नये म्हणून वर टॉवेल टाकलेला. हाच सर्व्हर. सहाशे घरांचं नेट चालू ठेवायचं की नाही हे ठरवणारं मशीन ते.

आता हे मशीन नेमकं काय करतं? रेशनचं दुकान डोळ्यांसमोर आणा. तुम्ही गेलात की दुकानदार आधी कार्ड बघतो, यादीत नाव आहे का ते पाहतो. मग तुम्हाला किती धान्य लागू आहे ते बघतो. धान्य दिलं की त्याची नोंद होते. तीन कामं झाली: ओळख, हक्क आणि नोंद. तुमच्या घरातला राउटर चालू केला की हेच होतं. राउटर एक युजरनेम आणि पासवर्ड पाठवतो. ऑपरेटरकडचा मोठा राउटर सर्व्हरला विचारतो, "हा आपला आहे का? याचा प्लॅन किती एमबीपीएसचा? पैसे भरलेत का?" सर्व्हर हो म्हणाला तर दार उघडतं आणि त्या क्षणापासून नोंद सुरू होते: अमुक खातं, अमुक वेळेला आलं, त्याला अमुक आयपी ॲड्रेस दिला.

या पद्धतीचं नाव रेडियस. साधारण १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस नावाच्या कंपनीत ती तयार झाली. तेव्हा नेट टेलिफोनवरून यायचं, म्हणून तिच्या पूर्ण नावात 'डायल-इन' हा शब्द आहे. आज फायबर घरात आलंय, पण नावात तो जुना टेलिफोन अजून बसलेलाच आहे.

तर टॉवेल बाजूला केला आणि आत बघायला लागलो. एकेक गोष्ट सांगतो.

युजरनेम खांबावरून दिलेली होती. म्हणजे फाट्याच्या तिसऱ्या खांबावरच्या डब्यातून चौथं कनेक्शन, तर नाव 'फाटा-३-४'. पावसात डबा जळाला, वायर दुसऱ्या खांबावर गेली, पण नाव तेच राहिलं. मग नव्या माणसाला तेच नाव परत दिलं गेलं. वहीत एक माणूस, कॉम्प्युटरमध्ये दुसरा आणि घरात तिसराच. पासवर्ड सगळ्यांचा एकच. शेजाऱ्याचं युजरनेम माहीत असेल तर तुम्ही त्याच्या खात्यावर आरामात नेट वापरू शकत होतात. आणि लोक वापरत होते! एका खात्यावर भाऊ, चुलतभाऊ आणि भाडेकरू अशी तीन-तीन घरं. सर्व्हरचा ॲडमिन पासवर्डही एकच, आणि तो भिंतीवर मार्करने लिहिलेला. काम सोडून गेलेल्या पोरांनाही तो पाठ होता.

काकांना हसू नका. ही खांबावरून नाव देण्याची चूक फार मोठ्या लोकांनीही केलीय.

१५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजे व्हीएसएनएल, या सरकारी कंपनीने त्या दिवशी आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. सेवेचं नाव गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस, आद्याक्षरांवरून गियास. आणि सर्व्हरांची नावं कशी? मुंबईचा गियास-बीएम-०१, मद्रासचा गियास-एमडी-०१, पुण्याचा गियास-पीएन-०१. नावं ठेवायची पद्धत म्हणून झकास. सेवा, शहर, नंबर. सर्व्हर सांभाळणाऱ्याला बघताक्षणी कळतं कुठलं मशीन आहे ते.

पण गोची पुढे आहे. हे मशीनचं नाव लोकांच्या ईमेल पत्त्यात आलं. तुमचं नाव, ॲटचं चिन्ह, मग गियास-पीएन-०१, मग डॉट व्हीएसएनएल वगैरे वगैरे. पुण्यातल्या प्राध्यापकांनी, डॉक्टरांनी, कारखानदारांनी हा पत्ता व्हिजिटिंग कार्डवर छापला, लेटरहेडवर छापला. पुढे पुण्याच्या पत्त्यांत पीएन-२, पीएन-३ अशी नावं दिसायला लागली. म्हणजे मशीन वाढली की माणसाचा पत्ताही मशीनप्रमाणे वेगळा. घरी जुन्या डायऱ्या किंवा जुनी पुस्तकं असतील तर बघा, लेखकाच्या नावाखाली असा पत्ता सापडेल.

यातून सर्व्हर सांभाळणाऱ्याने घ्यायचा धडा साधा आहे. माणसाला मशीनचं नाव देऊ नका. मशीन पाच-सात वर्षांत भंगारात जातं, खांब पावसाळ्यात पडतो, माणूस तिथेच राहतो. खात्याला एक नंबर द्या, ज्याला काही अर्थ नसेल. तो नंबर एकदा एका माणसाला दिला की पुन्हा कुणालाही द्यायचा नाही. माणसाने कनेक्शन बंद केलं तर खातं पुसायचं नाही, फक्त बंद म्हणून ठेवायचं.

हे सगळं मला तेव्हाच कळत होतं. काकांनाही सांगितलं. काका म्हणाले, "चाललंय ना? मग कशाला हात लावतो?" खरं सांगतो, मलाही आळस होता. नेट चालत होतं, माझ्या मीटिंगा होत होत्या. वर्ष असंच गेलं.

मग २०२१ च्या उन्हाळ्यात ते पत्र आलं.

पोलिसांकडून आलेलं. कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती. पत्रात काकांकडचा एक आयपी ॲड्रेस होता, पोर्ट नंबर होता, तारीख आणि वेळ होती. विचारलं होतं, या वेळी हा ॲड्रेस कोण वापरत होतं? नाव आणि पत्ता कळवा.

इथे एक गोष्ट समजून घ्या. जुन्या पद्धतीचे आयपी ॲड्रेस जगात मिळून ४३० कोटींच्या आत-बाहेर आहेत आणि ते कधीच पुरेनासे झालेत. म्हणून ऑपरेटर काय करतो? एका ॲड्रेसच्या मागे शेकडो घरं बसवतो. वाड्याला घर नंबर एक, आत बिऱ्हाडं अनेक, तसं. बाहेरच्या जगाला वाड्याचा नंबर दिसतो. आत कुठलं बिऱ्हाड, हे ऑपरेटरच्या नोंदीवरून काढावं लागतं. त्यासाठी दोन वह्या जुळवायच्या. मोठ्या राउटरची नोंद सांगते की त्या वेळी बाहेरचा ॲड्रेस आतल्या कुठल्या ॲड्रेसला दिला होता. रेडियसची नोंद सांगते की तो आतला ॲड्रेस त्या वेळी कुठल्या खात्याकडे होता. दोन्हींना जोडणारा धागा एकच: वेळ.

मी दोन्ही नोंदी काढल्या. खातं निघालं. वहीत बघितलं तर नाव आलं वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका दूधवाल्या काकांचं. त्या घरात एक एकोणीस वर्षांचा मुलगा. मी त्याला ओळखत होतो. पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला मी बाहेर पडलो तर हा रस्त्यावर पळताना दिसायचा. पाऊस असला तरी.

आता भरतीचं तुम्हाला माहीतच आहे. ग्राउंड निघालं, लेखी निघाली, तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असते. सायबर फसवणुकीच्या तपासात नुसतं नाव आलं तरी त्या घराचं काय होईल? आणि गावात नाव यायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. जीप दारात थांबली की झालं.

माझं मन काही घेईना. पुन्हा नोंदी उघडल्या. आणि तेव्हा दिसलं. रेडियसच्या नोंदीत त्या संध्याकाळी अचानक काही ओळींवर तारीख होती १ जानेवारी २०१०. त्यानंतर पुन्हा २०२१.

कारण काय, तर तो टेबलाखालचा डेस्कटॉप. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. आमचा सेल कधीच मेला होता. लाइट गेली की सर्व्हरचं घड्याळ सुरुवातीपासून सुरू व्हायचं. मग ऑफिसातलं कुणीतरी स्वतःच्या मोबाइलकडे बघून वेळ लावायचं, अंदाजाने. त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस होता, लाइट दोनदा गेली होती. म्हणजे मोठ्या राउटरचं घड्याळ बरोबर आणि सर्व्हरचं हाताने लावलेलं. दोन वह्या, दोन वेगळ्या वेळा. पंचवीस मिनिटं इकडे सरकवली तर दूधवाल्या काकांचं खातं निघत होतं, तिकडे सरकवली तर दुसरंच. आणि दूधवाल्या काकांच्या खात्यावर तरी कोण होतं? ते स्वतः, मागच्या बाजूला भावाचं घर आणि दोन भाड्याच्या खोल्या.

मी काकांना सगळं सांगितलं. काका म्हणाले, "ज्याचं नाव वहीत निघतंय ते लिहून दे. चौकशी पोलीस करतील. आपल्या लायसन्सला धक्का नको."

काका वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस होता. मीही घाबरलो होतो. पण मला एक जुनी बातमी आठवत होती, कॉलेजात सायबर कायद्याच्या लेक्चरला ऐकलेली. ती काकांना सांगितली, तुम्हालाही सांगतो.

ऑगस्ट २००७ चा शेवट. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल ऑर्कुटवर कुणीतरी घाणेरडा मजकूर टाकला होता. पुणे पोलिसांनी आयपी ॲड्रेस मिळवला आणि एका मोठ्या टेलिकॉम कंपनीला विचारलं, हा ॲड्रेस कुणाचा? कंपनीने नाव दिलं बंगळूरच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरचं. पोलिसांनी त्याला घरून उचललं, पुण्याला आणलं आणि तो येरवड्याच्या तुरुंगात गेला. सुमारे पन्नास दिवस आत होता. नंतर कळलं, ॲड्रेस त्याचा नव्हताच. दिलेली माहिती चुकीची होती.

पन्नास दिवस, मंडळी. गुन्हा ज्याचा नाही त्याला. आणि चूक कुठली?  कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी एका नोंदीसमोर चुकीचं नाव लिहिलं होतं.

मी म्हटलं, "काका, आपल्याकडे त्या कंपनीपेक्षा वाईट नोंदी आहेत. आपण नाव कसं लिहायचं?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काय लिहायचं ते तू लिही. सही मी करतो."

आम्ही जे होतं ते लिहिलं. दोन्ही नोंदी जशाच्या तशा जोडल्या. सर्व्हरचं घड्याळ त्या संध्याकाळी भरवशाचं नव्हतं हे लिहिलं. या वेळांमधून दोन वेगवेगळी खाती निघतात आणि त्यातल्या एका खात्यावर एकाहून जास्त घरं आहेत, त्यामुळे एका माणसाचं नाव आम्ही खात्रीने देऊ शकत नाही, हेही लिहिलं. काकांना बोलावणं आलं. मीही गेलो. साहेबांनी चांगलंच झापलं, "मग तुम्ही लायसन्स कशाला घेतलंय?" आणि त्यांचं काही चूक नव्हतं. फसवणूक झालेला माणूसही कुणाचा तरी बाप किंवा भाऊ असणार. आमच्या गलथानपणामुळे त्याच्या तपासाची एक वाट बंद झाली होती. खराब नोंद दोन्हीकडून मारते. निरपराध माणूस अडकू शकतो आणि खरा चोर निसटू शकतो. त्या दिवशी परत येताना गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. चेलाडी फाट्यावर काकांनी गाडी थांबवली, चहा सांगितला आणि म्हणाले, "उद्यापासून सगळं नीट लावायचं. किती खर्च येईल ते सांग."

आता हे 'नीट लावणं' म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तुमच्यापैकी कुणी आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करत असेल तर कामाला येईल.

पहिलं काम मोजणी. मी आणि ऑफिसातली दोन पोरं घरोघर फिरलो. फाट्यापासून पार वेल्ह्याच्या रस्त्यापर्यंत. कुठल्या घरात कुठला राउटर, वापरतं कोण, फॉर्म कुणाच्या नावाचा. वहीतली बरीच नावं आणि घरातली माणसं जुळत नव्हती. काही ठिकाणी फॉर्मवरचे आजोबा वारले होते आणि नेट नातू वापरत होता.

दुसरं, एक घर एक खातं. प्रत्येकाला स्वतःचा वेगळा पासवर्ड. सर्व्हरला सांगितलं, एका खात्यावर एका वेळी एकच कनेक्शन. याने भांडणं झाली! "इतकी वर्षं चालत होतं, आता काय झालं?" काकांनी मग दुसऱ्या घराला कमी दराचा प्लॅन दिला. कनेक्शनं उलट वाढली.

तिसरं, सर्व्हर दोन. वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या यूपीएसवर. एकावरची प्रत्येक नोंद दुसऱ्यावर जाते. का लागतात दोन? आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते आणि येते. लाइट आली की सहाशे घरांचे राउटर एकाच मिनिटात दार ठोठावतात. एकटा सर्व्हर तेव्हा गुडघे टेकतो आणि लोकांना वाटतं नेट गेलं. वायर शाबूत असते, दारावरचा माणूस दमलेला असतो.

चौथं, घड्याळ. दोन्ही सर्व्हर आणि मोठा राउटर इंटरनेटवरून एकाच ठिकाणाहून वेळ घेतात. याला एनटीपी म्हणतात. पुढे २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेशच काढला की घड्याळं अशी जुळवलेली हवीत आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने आयएसपींना आयपीच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितलं होतं. आणि हो, तो सेलही बदलला. नाण्याएवढा सेल.

पाचवं, ऑफिसातल्या प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. पैसे घेणारी ताई फक्त पैशांची नोंद करू शकते. वायरमन फक्त कनेक्शन चालू आहे का ते बघू शकतो. कुणी काम सोडलं की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद. भिंतीवरचा पासवर्ड चुन्याने पुसला.

वाचताना हे सोपं वाटतं. आता माझी फजिती ऐका.

जुलै २०२१ च्या मध्यावर एका रात्री जुन्या सर्व्हरवरून सगळी खाती नव्यावर आणली. पहाटे तीनला काम संपलं. सगळं हिरवं दिसत होतं. झोपलो. सकाळी साडेआठला काकांचा फोन. "अरे काय केलंस? लोक दारात उभेत!"

बऱ्याच घरांचं नेट बंद. पैसे भरलेले असताना. आणि बाकीच्यांचं चालू. मी घामाघूम. बंद झालेल्यांची यादी काढली तर एक गंमत दिसली. ज्यांची मुदत १ ते ७ ऑगस्टला संपत होती तेवढेच बंद होते. ९ ते १२ ऑगस्टवाल्यांना उलट पुढचे महिने फुकट मिळाले होते. १३ च्या पुढचे सगळे बरोबर.

तुमच्यापैकी काहींनी ओळखलं असेल. आपण तारीख लिहितो आधी दिवस, मग महिना. नव्या सॉफ्टवेअरने अमेरिकन पद्धतीने वाचली, आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्टचं झालं ८ मे. म्हणजे मुदत कधीच संपलेली, नेट बंद. १० ऑगस्टचं झालं ८ ऑक्टोबर. आणि तेरावा महिना नसतो, म्हणून १३ च्या पुढच्या तारखा त्याने निमूटपणे बरोबर वाचल्या. मी तपासायला उघडलेली तीन-चार खाती नेमकी वीस-पंचवीस तारखेची होती!

मी दुरुस्ती करत असताना एक मुलगी आणि तिची आई ऑफिसात आल्या. दहा वाजता तिचा कॉलेजचा ऑनलाइन पेपर होता. स्कूटीवरून पावसात भिजत आल्या होत्या. आई म्हणाली, "भाऊ, पैसे भरलेत हो आम्ही, पावती आहे." तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पावती काढली.

ती पावती बघून मला इतकी लाज वाटली की विचारू नका. मी इंजिनिअर, माझ्याकडे दोन सर्व्हर, बॅकअप, सगळं. आणि आपण खरं बोलतोय हे सिद्ध करायला त्या माउलीला पावती प्लॅस्टिकमध्ये जपून आणावी लागली. कारण माझ्या सर्व्हरने तिला खोटं ठरवलं होतं. मुलीने माझ्या खुर्चीवर, माझ्या लॅपटॉपवर पेपर दिला. मी जमिनीवर बसून काकांच्या कॉम्प्युटरवरून तारखा दुरुस्त केल्या. अकरापर्यंत सगळे चालू झाले.

त्या दिवसापासून एक नियम केला. पैसे भरल्याचा वाद असेल तर आधी नेट चालू करायचं, मग नोंद तपासायची. चूक आमची असण्याची शक्यता नेहमी धरायची. आणि बॅकअप महिन्यातून एकदा खरोखर दुसऱ्या मशीनवर उतरवून, पहिल्या आठवड्यातली दहा आणि शेवटच्या आठवड्यातली दहा खाती उघडून बघायची.

आता मी पुन्हा पुण्यात असतो, शनिवार-रविवारी घरी. काकांकडे एक मुलगी लागलीय, भोरच्याच बाजूची. सर्व्हर ती सांभाळते, माझ्यापेक्षा नीट. पोलिसांचं पत्र नंतरही एकदा आलं. तिने दहा मिनिटांत उत्तर तयार केलं: खातं, वेळ, घर. आणि खाली एक ओळ स्वतःहून लिहिली की नोंद खात्याची आहे, त्या घरात प्रत्यक्ष कोण वापरत होतं हे आमच्या नोंदीवरून सांगता येत नाही. ती ओळ वाचून मला बरं वाटलं. नोंद जेवढं सांगते तेवढंच लिहायचं. त्याच्या पुढचं आपल्या मनाने लिहायचं नाही.

तुम्ही काय करायचं? तीन गोष्टी. घरचं नेट कुणाच्या नावावर आहे ते आज विचारा. माणूस हयात नसेल किंवा घर सोडून गेला असेल तर नाव बदलून घ्या. वायफायचा पासवर्ड राउटरच्या मागे छापलेला तसाच असेल तर बदला. आणि शेजाऱ्याला पासवर्ड देण्याआधी लक्षात ठेवा, तो जे काही करेल ते तुमच्या खात्यावर लिहिलं जाणार आहे. माणुसकी ठेवा, पाहुण्याला नेट द्या, पण कुणाला दिलंय ते माहीत असू द्या.

तो दूधवाल्या काकांचा मुलगा? त्याला यातलं काहीच माहीत नाही. पहाटे तो अजून पळतो. मागच्या महिन्यात पावसात त्याचं नेट गेलं तर रात्री अकराला त्याने मलाच फोन केला आणि म्हणाला, "दादा, काय सर्व्हिस आहे तुमची!"

मी म्हटलं, "बघतो रे, लगेच बघतो."